जुनी कॅमेरा बॉडी बदलावी का? पैसे मोजण्याआधीची तपासणी

दसरा जवळ आला की कोल्हापुरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत एकच प्रश्न फिरत असतो. "डी७००० हाय, दहा-बारा वर्षं झाली. आता काय घ्यावं?" काउंटरच्या पलीकडून उत्तर येतं, "मालक, डीएसएलआरचं दिवस संपलं. मिररलेस घ्या, डोळा बघून फोकस करतंय." डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. दुकानदार खोटं बोलत नाही. निकॉनने डी७८० आणि डी६, कॅननने ८५०डी आणि १डी एक्स मार्क ३ या बॉड्या (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) २०२० मध्ये काढल्या आणि त्यानंतर दोघांकडून एकही नवी डीएसएलआर आलेली नाही. पण कंपनीने नवं काढणं थांबवलं म्हणून तुमच्या हातातली बॉडी बिघडत नाही. निकॉनची डी७००० सन २०१० मध्ये जसे फोटो काढत होती तसेच आजही काढते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. बॉडी बदलण्याचं कारण तुमच्या स्वतःच्या वाया गेलेल्या फोटोंत सापडलं पाहिजे, आणि ते कारण कमी पैशांत सुटत नाही याची खात्री झालेली पाहिजे. युट्यूबवरच्या तुलनेत सापडलेलं कारण चालणार नाही. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या दोन फुकटच्या आहेत आणि बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच मिटतो.

पायरी १ : वाया गेलेले फोटो घेऊन बसा

गेल्या वर्षभरातले फोटो उघडा. गणपतीची मिरवणूक, दसरा चौकातलं सोनं लुटणं, एखादं लग्न, जोतिबाची चैत्र यात्रा, शाहू स्टेडियमवरची मॅच, जे तुम्ही खरोखर काढता ते. त्यातले चांगले बाजूला ठेवा. "हा आला असता तर!" अशी हळहळ वाटते ते पन्नासेक निवडा. खराब फोटो जागच्या जागी डिलीट करायची सवय असेल तर महिनाभर ती बंद ठेवा, नाहीतर तपासायला पुरावाच उरत नाही.

आता कागद घ्या आणि प्रत्येक फोटोपुढे एकच कारण लिहा. हे कारण नीट ओळखता येणं सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल, दिव्यांच्या रेघा झाल्या असतील, तर हात हलला. मागची भिंत टोकदार आणि फक्त माणसाचे हातपाय फरफटलेले असतील तर शटर स्पीड कमी पडला. माणूस मऊ आणि त्याच्या मागच्या तोरणाचं पान न् पान स्पष्ट, तर फोकस चुकला. सावलीत रंगीत दाणे असतील तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) चढलेला आहे. कपाळावरचा उजेड पांढरा फटक झाला असेल तर एक्स्पोजर चुकलं. आणि यातलं काहीच नाही, तरी फोटो रुचत नाही, तर उजेड वाईट होता किंवा तुम्ही चुकीच्या जागी उभे होता. या शेवटच्या रकान्यावर कुठल्याही कंपनीकडे औषध नाही.

प्रत्येक फोटोची माहिती उघडून शटर (तो किती वेळ उघडा राहिला), अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) आणि आयएसओ हे तीन आकडे शेजारी लिहा. पन्नास ओळी झाल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं. शटर १/६० आणि अॅपर्चर एफ ५.६ हीच जोडी पुन्हा पुन्हा येत असेल तर पायरी ३ तुमच्यासाठी आहे. फोकस चुकलेल्यांची संख्या जास्त असेल तर आधी पायरी २.

पायरी २ : बॉडी म्हातारी झाली की फक्त आजारी आहे?

जुन्या बॉडीचे अर्धे दोष हे देखभालीचे दोष असतात. व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसतंय म्हणून कॅमेरा विकायला निघालेल्या माणसाच्या बॉडीवर पुष्कळदा फक्त डायऑप्टरचं चाक सरकलेलं असतं. व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं ते बारीक चाक फिरवा आणि आतले आकडे स्वच्छ दिसले की थांबा.

मग फोकसची खरी परीक्षा घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. समोर दीड-दोन मीटरवर छापील अक्षरांचं काहीतरी, तांदळाची पिशवी किंवा पंचांगाचं पान, उभं लावा. लेन्स पूर्ण उघडी ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. व्ह्यूफाइंडरमधून मधल्या बिंदूने फोकस करून पाच फोटो काढा. दर वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवा. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र) चालू करून तसेच पाच काढा. जुन्या डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवरून ठरतो, लाइव्ह व्ह्यूचा मात्र खुद्द चित्राच्या सेन्सरवरून. त्यामुळे लाइव्ह व्ह्यूचे पाचही टोकदार आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे सारख्याच प्रमाणात मऊ आले, तर लेन्स आणि बॉडीचं जुळत नाही एवढाच अर्थ. डी७०००, डी७२००, कॅनन ७०डी अशा बॉड्यांत हे मेनूतूनच दुरुस्त करता येतं. डी९० किंवा ६००डीमध्ये ती सोय नाही, तिथे सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. दोन्हीकडचे फोटो मऊ आले तर दोष लेन्सकडे शोधा. व्ह्यूफाइंडरचे कधी बरोबर, कधी चूक असे आले तरच बॉडीच्या फोकस यंत्रणेवर बोट ठेवा.

सेन्सरवरची धूळ बघायला एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोकस सोडून फोटो काढा, काळे ठिपके दिसतीलच. जोतिबाच्या यात्रेत लेन्स बदलली असेल तर ठिपक्यांची खात्रीच धरा. गुलाल फार बारीक असतो आणि ब्लोअरने तो सगळा निघत नाही. सेन्सर साफ करून घेणं हा किरकोळ खर्च आहे. पकडीचं रबर सुटलेलं असेल तर तेही चिकटवून मिळतं. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने मूव्ही कॅमेरा उभा केला ते हे गाव. रबर सुटलं म्हणून इथे कॅमेरा भंगारात काढणं शोभत नाही.

पायरी ३ : उजेडाचं गणित मांडा

ही पायरी सावकाश वाचा, इथे लाखभर रुपये वाचू शकतात.

तालमीत सकाळचा सराव टिपायचा आहे असं धरा. दगडी भिंती, वरून येणारा थोडासा उजेड, खाली लाल माती आणि दोन पैलवान खडाखडी करतायत. तुमच्याकडे क्रॉप (लहान) सेन्सरची जुनी बॉडी आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स. झूम ५५ वर नेला की लेन्स एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. आयएसओ ३२०० ठेवला तर शटर मिळतो समजा १/६०. त्यात हात फरफटणार, मातीचा उडालेला कण दिसणार नाही. हालचाल गोठवायला १/५०० तरी हवा.

आता दोन रस्ते. पहिला, फुल फ्रेम बॉडी. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, निकॉनचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळ जवळपास २.४ पट, म्हणजे दाण्यांच्या बाबतीत सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फायदा. तेवढाच दाणा चालवून घेऊन आयएसओ ७५०० च्या आसपास नेता येईल आणि शटर होईल १/१४० च्या जवळ. हात अजूनही फरफटलेलेच. दुसरा रस्ता, आहे त्याच बॉडीवर ५० मिलिमीटर एफ १.८. एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलं की उजेड जवळजवळ दहा पट वाढतो. आयएसओ ३२०० च राहतो आणि शटर जातो १/५०० च्या पुढे. फोटो निघाला! ही लेन्स कॅनन आणि निकॉन दोघांच्याही सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक.

यात एक खोट आहे, तीही सांगतो. एफ १.८ वर फोकसची खोली इतकी पातळ असते की एका पैलवानाचा चेहरा टोकदार आला तर दुसऱ्याचा कान मऊ येतो. एफ २.८ वर आणून १/२०० च्या थोडं पुढे समाधान मानावं लागेल, किंवा दोघांची डोकी एका रेषेत येईपर्यंत थांबावं लागेल. मला थांबणं पटतं.

निकॉनवाल्यांनी एक गोष्ट पाहावी. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉड्यांत फोकसची मोटर नसते. तिथे "डी" प्रकारची ५० मिलिमीटर लेन्स लावली तर फोकस हाताने फिरवावा लागतो. "जी" प्रकारची एएफ-एस (मोटर लेन्समध्येच असलेली) घ्या. डी९०, डी७००० ला दोन्ही चालतात.

पायरी ४ : दाण्यांवर आधी कॉम्प्युटरचा इलाज

२०२३ मध्ये अडोबीच्या लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये दाणे काढणारं एआय डिनॉइज आलं आणि जुन्या बॉड्यांचं आयुष्य लांबलं. २०११ च्या बॉडीतून आयएसओ ३२०० ला काढलेली रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल त्यातून काढून बघा. अट एकच, फोटो रॉमध्ये काढलेला असावा. जेपेगमध्येच शूट करत असाल तर बॉडी बदलण्याआधी ती सवय बदला. मात्र या कामाला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर एकेका फोटोला चहा पिऊन यायची वेळ येते.

पायरी ५ : बॉडीच अडवते अशा जागा

आतापर्यंत मी जुन्या बॉडीचा वकील झालो. आता दुसरी बाजू.

मैदानावरचा फुटबॉल ही पहिली जागा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असेल तर टचलाइनला उभा असलेला फोटोग्राफरसुद्धा अर्धा प्रेक्षकच असतो. डी९० मध्ये फोकसचे ११ बिंदू आणि त्यातला मधला एकच क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारा). ६००डीमध्ये ९ आणि सेकंदाला ३.७ फ्रेम. अंगावर धावत येणारा स्ट्रायकर चौकटीच्या कडेला असला की ही यंत्रणा हात टेकते. लेन्स कितीही चांगली लावा, हे बदलत नाही. रंकाळा किंवा कळंब्यावरच्या उडत्या पक्ष्यांचंही तसंच. डोळा ओळखून चिकटून राहणारा आजचा फोकस इथे खरोखर वेगळ्या दर्जाचा आहे. तुमच्या कागदावर पळत्या विषयांचे फोकस चुकलेले फोटो वीस-पंचवीस असतील तर तुमचं कारण पक्कं.

दुसरी जागा, पैसे घेऊन केलेलं काम आणि एकच कार्ड. लग्नात कार्ड गेलं तर मुहूर्त परत लागत नाही. एका कार्डाची बॉडी घेऊन ऑर्डर करत असाल तर दोन कार्डांची बॉडी हा चैनीचा खर्च नाही. पण इथेच लोक फसतात. डी७००० ला दोन स्लॉट आहेत. नव्या मिररलेसपैकी कॅनन आर८, आर५० आणि निकॉन झेड५० ला एकच आहे. नवीन म्हणून घेतलं आणि होतं ते गमावलं, असं व्हायला नको.

तिसरी जागा व्हिडिओ. डी९० ही व्हिडिओ काढणारी पहिली डीएसएलआर, २००८ ची, पण तिचा व्हिडिओ ७२०पी आणि शूटिंग चालू असताना ऑटोफोकस नाही. हळदीचं उभं रील मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चालणार नाही. कॅननमध्ये व्हिडिओचा फोकस २०१३ च्या ७०डीपासून सुधारला.

सावल्या उघडणं ही जरा आतली गोष्ट. पन्हाळ्याच्या बुरुजावरून ढगांतून फुटलेलं ऊन आणि खालची काळोखी झाडी एकाच चौकटीत घ्यायची असेल तर झाडी नंतर उजळावी लागते. ६००डी किंवा ५डी मार्क २ च्या फाइलमध्ये असं केलं की आडव्या-उभ्या पट्ट्या उमटतात. २०१६ च्या ८०डी आणि ५डी मार्क ४ पासून कॅननचं हे दुखणं बरंच कमी झालं. त्याच काळातल्या निकॉनवाल्यांना हा त्रास फारसा नव्हता, त्यामुळे डी७००० वाल्याने या कारणासाठी बॉडी बदलू नये.

मेगापिक्सेलचं मात्र मनातून काढून टाका. १२ वरून २४ वर गेलं की लांबी-रुंदी फक्त १.४ पट वाढते. डी९० ची ४२८८ बाय २८४८ ची फाइल ३०० डीपीआयला १४ बाय साडेनऊ इंच छापते. २४ मेगापिक्सेलची २० बाय १३. लग्नाच्या १२ बाय ३६ च्या अल्बममध्ये पूर्ण दोन पानांवर एकच फोटो पसरायचा असेल तर फरक जाणवेल. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला तर १२ मेगापिक्सेल पुरून उरतात. तिथे लोक भाऊंचा चेहरा ओळखता येतोय का एवढंच बघतात.

पायरी ६ : मिरवणुकीत मिररलेस

हे दुकानात कोणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितो. मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असताना सतत उघडा असतो. गणपतीच्या मिरवणुकीत लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपके उमटू शकतात. डीएसएलआरमध्ये शटर दाबेपर्यंत आरसा आणि पडदा मध्ये असतो, त्यामुळे सेन्सरला धोका कमी. पण मग व्ह्यूफाइंडरमधून तोच झोत तुमच्या डोळ्यात जातो आणि ते जास्त वाईट. लेझर फिरत असलेल्या स्टेजकडे कुठलाच कॅमेरा रोखू नका.

एलईडीखाली आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर वापरला की बऱ्याच बॉड्यांत फोटोवर पट्टे येतात, म्हणून तिथे मेकॅनिकल शटर ठेवा. साधे दिवे आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; जुन्या बॉडीवर १/१०० किंवा १/५० ठेवलं की फोटोगणिक बदलणारा उजेड बराच स्थिरावतो.

बॅटरीचंही बघा. कंपनीच्या मोजमापाने डी७२०० एका बॅटरीत १,११० फोटो देते, झेड६ २ व्ह्यूफाइंडरवर ३४०. प्रत्यक्षात दोन्हींत जास्त निघतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत जायचं तर खिशात तीन बॅटऱ्या हव्यात.

पायरी ७ : दोन दिवसांसाठी मागून आणा

भाड्याने घ्या किंवा ओळखीच्या फोटोग्राफरकडून आणा. तुमचीच लेन्स अॅडॉप्टरवर लावा, तुमचंच कार्ड टाका. दिवे लागायच्या वेळी रंकाळ्यावर, दुपारी मैदानावर, सकाळी परवानगी काढून तालमीत, दोन्ही बॉड्यांनी एकाच जागेवरून तेच काढा. घरी आल्यावर स्क्रीनवर १०० टक्के मोठं करून दाणे मोजत बसू नका. दोन्हींचे चार-चार फोटो लॅबमधून १२ बाय १८ ला छापून घ्या, मागे पेन्सिलीने खूण करा आणि घरातल्या कुणाला तरी विचारा, "यातला चांगला कुठला?" वहिनींनी किंवा दादांनी दर वेळी नवीन बॉडीचाच उचलला तर गोष्ट वेगळी. नाहीतर छपाईचे पैसे वसूल झाले समजा.

पायरी ८ : पूर्ण बिल मांडा

बॉडीची किंमत ही सुरुवात असते. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सा अॅडॉप्टरवर मिररलेस आर मालिकेत व्यवस्थित चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर एएफ-एस लेन्सांचा ऑटोफोकस चालतो, "डी" लेन्सांचा चालत नाही. डी७००० वाल्यांच्या बॅगेत नेमक्या त्याच निघतात. क्रॉपच्या लेन्सा २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर लावल्या तर सेन्सरचा मधला भागच वापरला जातो आणि साधारण १० मेगापिक्सेल उरतात, म्हणजे तुमच्या जुन्या डी९० पेक्षाही कमी! फुल फ्रेमवर जायचं तर लेन्सांचेही पैसे धरूनच निघा. जुनी लाइटरूम नव्या कॅमेऱ्याची रॉ उघडत नाही, पण अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, तेवढ्यासाठी नवं सॉफ्टवेअर घेऊ नका.

हिशेब असा करा. समजा बॉडी दीड लाखाची. अॅडॉप्टर, दोन कार्डं, जादा बॅटऱ्या धरून १,८०,०००. जुनी बॉडी १५,००० ला गेली. उरले १,६५,०००. पाच वर्षं वापरणार असाल तर वर्षाला ३३,०००. वर्षाला वीस ऑर्डरी करत असाल तर एका ऑर्डरीमागे १,६५०. तेवढं गिऱ्हाइकाकडून जास्त मिळणार आहे का, किंवा तेवढा त्रास वाचणार आहे का? छंद असेल तर हेच ३३,००० वर्षाला पुस्तकं, प्रवास आणि प्रिंटवर घालून काय होईल याचा विचार करा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. व्यवसाय नोंदलेला असेल तर पक्कं बिल घेऊन तो वळता करून घ्या. बिनबिलाचा ग्रे मार्केटचा माल स्वस्त दिसतो, पण भारतातली वॉरंटी त्याला नसते.

पायरी ९ : सेकंडहँड घेताना

माझा कल इकडे आहे. डीएसएलआर सोडून जाणाऱ्यांमुळे डी७५० सारख्या फुल फ्रेम बॉड्या आणि त्यांच्या लेन्सा पूर्वीच्या मानाने स्वस्त झाल्यात. तुमच्याकडे आधीच लेन्सा असतील तर एक पिढी पुढची जुनी बॉडी हा सगळ्यात शहाणा सौदा ठरू शकतो. पुढे सुट्टे भाग मिळणं अवघड होत जाईल, हे मात्र धरून चाला.

निकॉनचा शटर काउंट कॅमेऱ्यातून सरळ काढलेल्या फाइलच्या माहितीत सापडतो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआर तो फोटोत लिहीत नाहीत, केबल लावून सॉफ्टवेअरने बघावा लागतो. डी७५० चं शटर १,५०,००० वेळा तपासलेलं असतं. त्यापुढेही ते चालू शकतं, पण किमतीत घासाघीस करायला हा आकडा कामी येतो. एफ १६ चा आभाळाचा फोटो आणि टोपी लावून लांब एक्स्पोजरचा एक फोटो तिथेच काढून बघा, सगळी बटणं दाबा, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून पाहा. सोबत लेन्स असेल तर पुढून टॉर्च मारून मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. गगनबावडा-राधानगरीच्या बाजूला पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या लेन्सेत ती हमखास सापडते. धागे दिसले तर भाव न करता परत द्या. स्वतःच्या लेन्सासाठी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा पुरतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली की झालं.

जुनी बॉडी लगेच विकायची घाई नको. पंधरा-वीस हजारांसाठी हातची दुसरी बॉडी घालवण्यापेक्षा लग्नात तिच्यावर ५० मिलिमीटर लावून गळ्यात अडकवा. गुलालात लेन्स बदलायची वेळच येणार नाही. विकलीच तर घेणाऱ्याला बिलाची प्रत द्या आणि सिरियल नंबर आपल्याकडे लिहून ठेवा. मेनूत कॉपीराइटच्या जागी तुमचं नाव भरलेलं असेल तर ते पुसून मगच बॉडी हातात द्या, नाहीतर पुढची पाच वर्षं दुसऱ्याच्या फोटोंवर तुमचं नाव छापून येत राहील.